सोसायटीच्या हिशेबाचं अ‍ॅप: बांधायच्या आधी कसं कळावं की कुणी घेईल?

बिनपगारी_खजिनदार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते मांडतो. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी ठाण्यात राहतो, पेशाने सॉफ्टवेअरवाला. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत कुणीच हात वर करेना, म्हणून खजिनदारपद माझ्या गळ्यात पडलं. दोन विंग, ७२ फ्लॅट. तेव्हापासून जे बघतोय त्यावरून वाटतं की या जागी एक धड सॉफ्टवेअर हवं. सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची गंगाजळी) सालीना बांधकाम खर्चाच्या ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी ०.७५ टक्के, पाणीपट्टी नळांवर, सेवाशुल्क सगळ्यांना सारखं, फ्लॅट भाड्याने दिला असेल तर सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के नॉन-ऑक्युपन्सी, थकबाकीवर सरळव्याज. नियम आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या सरकारी नमुना नियमावलीत, छापलेले आहेत, म्हणजे अर्धं काम सरकारनेच करून ठेवलंय. तरी प्रत्येक सोसायटीची एक्सेल वेगळी, आणि ती बनवणारे काका मुलाकडे बंगळुरूला गेले की त्यातला फॉर्म्युला कुणाच्या बापाला कळत नाही.

डोक्यात आहे ते असं: बिलं, पावत्या, नोटिसा, सभेची इतिवृत्तं, पार्किंगचं वाटप, तक्रारी, मतदान, सगळं एका अ‍ॅपमध्ये. मराठीत. महाराष्ट्रात लाखाच्या वर गृहनिर्माण संस्था आहेत, त्यातल्या एक टक्क्याने घेतलं तरी आपलं भागलं.

चार-पाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर गुगल फॉर्म फिरवला. 'असं अ‍ॅप आलं तर वापराल का?' जवळजवळ सगळे 'हो, नक्की' म्हणाले. काहींनी खाली हात जोडलेले आणि टाळ्यांचे इमोजी टाकले. आता सहा महिने नोकरीतून सुट्टी घेऊन हे बांधावं का, असा प्रश्न आहे. बांधून झाल्यावर कुणी विचारलं नाही तर सहा महिने आणि बायकोचा विश्वास दोन्ही जाणार. आधी तपासून बघायची काही रीत आहे का? कुणी केलंय का?

ताकभात

पयला! जागा पकडून ठेवतो. आमच्या सोसायटीत वही आहे अजून. लाल कापडी बांधणीची.

चिकित्सक_चिऊ

खजिनदारसाहेब, फॉर्मवर 'हो' लिहायला जातंय काय? त्या माणसाला तुम्ही आवडता, तुम्ही मेहनत घेताय हे त्याला दिसतं, आणि मराठी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. तो 'हो' म्हणजे तुम्हाला दिलेल्या शुभेच्छा समजा. त्यावर सुट्टी काढू नका.

मी दहाएक वर्षं प्रॉडक्टच्या कामात आहे. 'वापराल का' हा प्रश्न आम्ही विचारतच नाही, कारण पुढच्या वर्षी आपण काय करू हे माणसाला स्वतःलाच माहीत नसतं. जानेवारीत जिमची फी कोण भरतं आणि मार्चमध्ये तिथे कोण दिसतं ते आठवा. झालेलं विचारायचं. मागच्या महिन्याचा हिशेब कुणी केला? कधी बसून केला? कुठे अडला? अडल्यावर काय केलं? कुणाला पैसे दिले का? आधी दुसरं काही वापरून सोडलं का, आणि का सोडलं? यात तुमच्या अ‍ॅपचं नावसुद्धा काढायचं नाही. काढलंत की समोरचा लगेच तुम्हाला बरं वाटेल असं बोलायला लागतो.

तुम्ही स्वतः खजिनदार आहात ना, मग सुरुवात तुमच्यापासून. मागच्या महिन्यात काय झालं ते इथे लिहा. अ‍ॅप सोडून.

बिनपगारी_खजिनदार

लिहितो. बिलं काढायला फारसा वेळ जात नाही खरं तर. मागच्या महिन्याची शीट कॉपी करायची, व्याजाचा कॉलम बघायचा, पीडीएफ करून ग्रुपवर टाकायची. तासाभराचं काम.

रविवार जातो तो बँकेच्या स्टेटमेंटमध्ये. पूर्वी लोक चेक टाकायचे, मागे फ्लॅट नंबर लिहायचे. आता सगळं यूपीआय. स्टेटमेंटमध्ये एक लांबलचक आकडा आणि अर्धवट तुटलेलं नाव. बी-४०३ चं बिल सासऱ्यांच्या नावावर, पैसे सुनेच्या खात्यातून. ए-१०२ चे भाडेकरू भरतात, त्यांचं नाव मला माहीतच नाही. एकाने दोन महिन्यांचे एकत्र भरले, एकाने पंचवीस रुपये कमी, कारण त्याच्या मते व्याज चुकलंय. मग फोन: 'काका, ते अमुक तारखेचे ३,८५० तुमचे का?' जे सापडत नाहीत ते सस्पेन्सला, म्हणजे कुणाचे ते न कळलेल्या पैशांच्या खात्यात, टाकतो. सस्पेन्स खातं वाढत जातं आणि ऑडिटर दरवर्षी त्यावर शेरा मारतो.

पण हे किरकोळ आहे हो. मूळ कल्पना सगळं एकत्र आणण्याची आहे.

चिकित्सक_चिऊ

किरकोळ गोष्टीवर तुम्ही सगळ्यात मोठा परिच्छेद लिहिलात. मतदान आणि पार्किंगवर एक ओळही नाही.

हडसनकाठचा

न्यू जर्सीहून नमस्कार. आमच्याकडच्या दोन-तीन गोष्टी सांगतो, बऱ्याच जणांना ठाऊक असतील.

१९९९ मध्ये निक स्विनमर्नला ऑनलाइन बूट विकायचे होते. लोक पायात न घालता बूट घेतील यावर कुणाचा विश्वास बसेना. त्याने गोदाम घेतलं नाही की माल भरला नाही. जवळच्या दुकानात जाऊन बुटांचे फोटो काढले आणि साइटवर टाकले. ऑर्डर आली की त्याच दुकानात जाऊन पूर्ण किमतीला विकत घ्यायचे आणि पोस्टाने पाठवायचे. धंदा म्हणून निव्वळ तोटा, पण प्रश्नाचं उत्तर मिळालं. त्याचंच पुढे झॅपोस झालं आणि २००९ मध्ये ते अ‍ॅमेझॉनने घेतलं.

दुसरी गोष्ट जोएल गॅसकॉइनची, २०१० ची, बफर नावाच्या सॉफ्टवेअरची. ट्वीट आधी लिहून ठेवायचे आणि ठरल्या वेळी आपोआप जायचे, एवढंच त्याचं काम. कोड लिहायच्या आधी त्याने दोन पानं केली. पहिल्यावर वर्णन आणि बटण, बटण दाबलं की दुसरं पान: 'अजून तयार नाही, ईमेल ठेवा'. ईमेल आले. तो तिथे थांबला नाही, हे मला आवडतं. त्याने मध्ये तिसरं पान घातलं, दरांचं. फुकट, एवढे डॉलर, तेवढे डॉलर. पैशांचा आकडा डोळ्यांनी बघूनही लोक पुढे जातात का, आणि कुठला आकडा दाबतात, हे बघितलं. काही जणांनी पैसेवाले पर्याय दाबले, मग तो बांधायला बसला.

आणि पाम पायलट आठवतो का कुणाला, १९९६ चा, खिशात मावणारी इलेक्ट्रॉनिक डायरी? तो बनवणारा जेफ हॉकिन्स आधी पायलटच्या मापाचा लाकडी ठोकळा शर्टाच्या खिशात घालून फिरायचा. कुणी भेटीची वेळ मागितली की ठोकळा काढून त्यावर काडीने लिहिल्याचं नाटक करायचा. असली वस्तू आपण खरंच खिशातून काढू का, हे त्याला स्वतःवरच बघायचं होतं.

कट्ट्यावरचा

हडसनकाठचा, मजा आली. पण हे सगळे जिंकलेल्यांचे किस्से. पान टाकलं, ईमेल आले, बांधलं आणि आपटले, अशांची गोष्ट कोण सांगतंय? ड्रॉपबॉक्सचं, म्हणजे इंटरनेटवर फाइली ठेवायच्या सॉफ्टवेअरचं, पण असंच सांगतात. २००८ मध्ये त्याच्या ड्रू हाउस्टनने ते कसं चालतं याचा व्हिडिओ टाकला आणि प्रतीक्षायादी एका रात्रीत ५,००० वरून ७५,००० झाली. बरोबर आहे. पण तो व्हिडिओ डिग नावाच्या साइटवरच्या संगणकवेड्या मंडळींसाठी होता, त्यांना कळतील असे विनोद मुद्दाम पेरलेले. ज्यांना ती वस्तू हवी होती तेच लोक तिथे दिवसभर पडीक असायचे.

आमच्या सोसायटीचे चेअरमन ७४ वर्षांचे. ते कुठल्या पानावर जाऊन कुठलं बटण दाबणार? त्यांनी बटण दाबलं नाही म्हणजे मागणी नाही असं होत नाही, आणि त्यांच्या नातवाने दाबलं म्हणजे आहे असंही होत नाही. गिऱ्हाईक जिथे बसतं तिथे जाऊनच तपासायला हवं. सोसायटीचं गिऱ्हाईक बसतं गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर, रात्री साडेनऊनंतर.

माजी_सचिव_डोंबिवली

कट्ट्यावरचा यांच्याशी सहमत. मी सचिव होते, म्हणून आतून सांगते.

सोसायटीत वापरणारा एक, पैसे मंजूर करणारे दुसरे, आणि पैसे ज्यांचे ते तिसरेच. खजिनदाराला कितीही हवं असलं तरी त्याच्या खिशातून द्यायचं नसतं. विषय कमिटीत येणार. एकजण म्हणणार तीन कोटेशन मागवा. दुसरा म्हणणार माझा भाचा हे फुकटात करून देईल. तिसरा काहीच म्हणणार नाही आणि नंतर जिन्यात म्हणेल, 'यात खजिनदाराचं कमिशन असणार'. मग सर्वसाधारण सभा, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत कधीतरी, आणि तिथे लिफ्ट आणि गळतीवरच तीन तास जातात. बरं, कमिटी पाच वर्षांची. नव्या कमिटीला जुनीने आणलेलं काहीही चालत नाही, रंगाच्या शेडपासून सुरुवात.

त्यामुळे 'लाखातल्या एक टक्क्याने घेतलं तरी' हे गणित सोडा. तो एक टक्का म्हणजे हजारभर कमिट्या, आणि प्रत्येक कमिटीत असा एक भाचा.

गेटवर पाहुण्यांची नोंद करणारी अ‍ॅपं आली तेव्हा आमच्याकडेही एक घेतलं होतं. त्यात हिशेबाचाही भाग होता. तो कुणी वापरला नाही, कारण हिशेब आमचे अकाउंटंट घरून करायचे आणि ते टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर सोडायला तयार नव्हते.

रात्रपाळी

एवढा काथ्याकूट कशाला? आता एआयने दोन शनिवार-रविवारांत असं अ‍ॅप उभं राहतं. लोकांना विचारत बसण्यापेक्षा बांधा, हातात द्या, वापरलं तर ठीक, नाहीतर फेकून द्या. हे बफरसारखं नुसतं वर्णनाचं पान टाकणं वगैरे कोड महाग होता तेव्हाचे उद्योग. आता बांधणं हीच चाचणी.

चिकित्सक_चिऊ

रात्रपाळी, निम्मं मान्य. स्क्रीन दाखवायच्या असतील तर जरूर दोन दिवसांत करा, चर्चेला सोपं जातं. पण इथे कोड महाग नाहीच आहे. महाग आहे ते ७२ घरांची जुनी थकबाकी, कुणाचं किती व्याज माफ केलं, कोण कोर्टात गेलंय, हे सगळं आत भरणं. आणि एप्रिलमध्ये एकाचं बिल चुकलं की रात्री अकराला फोन घेणं. ते एआय करत नाही.

शिवाय बांधलेलं फेकता येत नाही. मी आजवर एकही इंजिनिअर बघितला नाही ज्याने स्वतःचं पोर कुरूप आहे हे मान्य केलं. बांधून झालं की आपण मागणी शोधत नाही, समर्थन शोधतो.

रात्रपाळी

हे मात्र खरंय. माझ्या गिटहबवर, जिथे आम्ही कोड ठेवतो तिथे, अशी पाच-सहा पोरं आहेत. सगळी देखणी.

पक्की_पावती

बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज लिहावं लागतंय.

मी वसई-विरार पट्ट्यात सोसायट्यांची अकाउंट्स लिहितो. सध्या चाळीसच्या आसपास आहेत, बहुतेक लहान, २० ते ६० फ्लॅटच्या. माझ्यासारखे प्रत्येक उपनगरात आहेत, पाटी कुणाचीच नाही. खजिनदार सही करतो. बिलं, पावत्या, सभासदांची आय आणि जे रजिस्टर, ऑडिटच्या आधीची जुळवाजुळव आम्ही करतो. फ्लॅटमागे महिन्याला ठरलेले पैसे. कमिटी बदलली तरी आम्ही बदलत नाही, कारण जुना हिशेब आमच्याकडेच असतो.

धागाकर्त्याने बिलाचं अ‍ॅप म्हटलं तेव्हा मी पुढे सरकलो होतो. बिलाचं सॉफ्टवेअर माझ्याकडे आहे, जुनाट आहे, पण चालतं. व्याज तेच काढतं. महिन्याला ७,५०० च्या वर मेंटेनन्स असेल आणि सोसायटीची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर असेल तर जीएसटी लावायचा, तेही बघतं. मतदानाशी मला कर्तव्य नाही.

यूपीआयच्या नोंदींचा परिच्छेद वाचला आणि परत आलो. तुमचा एक रविवार जातो. माझ्याकडे चाळीस स्टेटमेंटं येतात. त्यातली निम्मी सहकारी बँकांची, प्रत्येकीचा साचा वेगळा, काहींची पीडीएफ म्हणजे चक्क स्कॅन केलेला कागद. हे जुळवायला मी एक मुलगी कामाला ठेवली आहे. तिला मी पगार देतो. चिऊताई विचारत होत्या ना, कुणाला पैसे दिले का? हो, दर महिन्याला देतो. ती सुट्टीवर गेली की माझी बायको बसते, आणि त्या आठवड्यात घरात कुणी बोलत नाही.

कट्ट्यावरचा

_/\_

धागाकर्ते, हा घ्या तुमचा गिऱ्हाईक. एकाही फॉर्ममध्ये हा माणूस नव्हता.

बिनपगारी_खजिनदार

पक्की_पावती, मनापासून धन्यवाद. पण दोन शंका. एक, अकाउंटंट किती असणार? सोसायट्या लाखाच्या वर आहेत, तुमच्यासारखे त्या मानाने मूठभर. दुसरी, फक्त स्टेटमेंट जुळवणं म्हणजे फार छोटं काम झालं. त्यासाठी कोण सॉफ्टवेअर घेईल? मी जे योजलंय त्याचा हा दहावा हिस्साही नाही.

माजी_सचिव_डोंबिवली

अहो, मूठभरच, पण प्रत्येकाच्या मुठीत चाळीस सोसायट्या! आणि त्यांना तीन कोटेशनं मागवावी लागत नाहीत. आवडलं तर संध्याकाळी पैसे टाकतील.

चिकित्सक_चिऊ

छोटं आहे म्हणूनच तपासता येईल. बफर पण सुरुवातीला फक्त ट्वीट रांगेत लावायचं.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. कोड लिहू नका. पक्की_पावती यांच्यासारखे आणखी काही अकाउंटंट शोधा. ऑडिटरकडे विचारा, त्याच्याकडे सगळ्यांचे नंबर असतात. त्यांच्या शेजारी बसून जुळणी कशी चालते ते बघा, बोलू नका. मग म्हणा, पुढच्या महिन्याची दोन सोसायट्यांची स्टेटमेंटं माझ्याकडे द्या, जुळवून परत देतो. कसं जुळवता ते त्यांना सांगायची गरज नाही. रात्री बसून हाताने करा, एक्सेलमध्ये करा, छोटी स्क्रिप्ट लिहा. त्यांच्या दृष्टीने स्टेटमेंट गेलं आणि फ्लॅटनंबर लागून आलं, एवढंच. झॅपोसच्या बुटांचंच हे.

आणि पैसे घ्या. कमी घ्या, पण पहिल्याच महिन्यापासून घ्या. फुकट दिलंत तर परत फॉर्मचीच गोष्ट. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. पहिल्या महिन्याचं काम बघून त्यांनी दुसऱ्या महिन्याचं स्टेटमेंट स्वतःहून, तुम्ही आठवण न करता पाठवलं, तर माझ्या लेखी ते शंभर फॉर्मांपेक्षा मोठं. आणि किती जणांनी पैसे दिले तर पुढे जायचं, किती कमी झाले तर सोडायचं, तो आकडा आजच कागदावर लिहून वहिनींकडे द्या. नंतर ठरवायला बसलात की आकडा आपोआप खाली सरकतो.

हाताने करताना एक गोष्ट आपोआप कळेल. किती नोंदी यंत्राला जमतील आणि किती फक्त 'बी-४०३ ची सून' हे माहीत असलेल्यालाच जमतील. दुसऱ्या जातीच्या जास्त निघाल्या तर सॉफ्टवेअर कितीही सुबक बांधा, त्या मुलीचा पगार वाचणार नाही.

हडसनकाठचा

+१. शेवटचा परिच्छेद सोन्याचा.

दगडी_चाळ_नव्हे

एक काळजीचा मुद्दा. स्टेटमेंटमध्ये लोकांची नावं, खाती, कोण कधी किती भरतं हे सगळं असतं. २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदा आहे, आणि तो नसता तरी थकबाकीदाराचं नाव बाहेर फुटलं तर सोसायटीत काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. कमिटीला न विचारता अकाउंटंटने तिसऱ्याला स्टेटमेंट देणं बरं नाही. कमिटीचं एका ओळीचं पत्र घ्या आणि खाते क्रमांक झाकून घ्या. फाइल कुठल्याही फुकट एआयच्या खिडकीत चिकटवू नका, हे रात्रपाळीसाठी.

रात्रपाळी

मी काय केलं आता?

बिनपगारी_खजिनदार

चिऊताई, कबूल. सुट्टीचा अर्ज तूर्त मागे. सगळं एकत्र आणणारं अ‍ॅप मी सोडलेलं नाही, ते मला अजूनही बरोबर वाटतं, पण आधी हे करून बघतो. पक्की_पावती, सोसायटीमागे महिन्याला ५०० रुपये घेतले तर जमेल का? स्टेटमेंट आल्यापासून दोन दिवसांत जुळवून देईन. सस्पेन्समध्ये काय उरलं त्याची यादी वेगळी.

ताकभात

मी आमच्या लाल वहीचा फोटो टाकू का? चाचणीसाठी.

पक्की_पावती

५०० फार होतात. चाळीस सोसायट्यांचे किती झाले ते तुम्हीच करा, त्यापेक्षा मला मुलगी स्वस्त पडते. ६० फ्लॅटच्या वरच्यांना ३००, लहानांना २००. आणि काही अटी आहेत.

एक्सेल देऊ नका, टॅलीत सरळ आत जाईल अशी फाइल हवी, नाहीतर परत टायपिंग आलंच. नाव जुळलं नाही तर अंदाजाने फ्लॅट लावायचा नाही, कोरा सोडायचा. चुकीच्या फ्लॅटला जमा झालेली पावती शोधणं हे सस्पेन्सपेक्षा वाईट, त्यावरून एकदा माझी एक सोसायटी सुटायची वेळ आली होती. आणि एप्रिल ते जून मला फोन करू नका, वर्षअखेर आणि ऑडिट असतं. तेव्हा मी कुणाचंच ऐकत नाही.

सुरुवातीला स्कॅनवाल्या सहकारी बँकेच्याच दोन देतो. सोप्या देऊन काही कळणार नाही. एका कमिटीचं पत्र शनिवारपर्यंत घेतो, दुसऱ्या सोसायटीचे चेअरमन गावाला गेलेत. १० तारखेनंतर स्टेटमेंट येतं. नंबर व्यनि (खासगी निरोप) करा, आणि पैसे महिन्याच्या शेवटी देईन, आगाऊ नाही.

बिनपगारी_खजिनदार

२५० आणि ३५०. फाइल टॅलीचीच देतो. व्यनि केला आहे.